अ‍ॅस्टोरियाच्या पुलाखाली

पोर्टलँड, ओरेगॉन
रविवार, रात्री

प्रिय दत्तू,

हे मोबाईलवर लिहिणार होतो, पण बोटानं टपटप करून होण्यातलं हे काम नाही. म्हणून नातवाच्या वहीची चार पानं फाडली. चष्मा पूस आणि सावकाश वाच. शेवटी तुझ्यासाठी एक कामही आहे.

काल पोरीनं आणि जावयानं अ‍ॅस्टोरियाला नेलं. इथून गाडीनं दोन तास. कोलंबिया नदी प्रशांत महासागराला मिळते तिथलं हे दहाएक हजार वस्तीचं गाव, म्हणजे आपल्या हिशेबानं मोठं खेडंच. नदी मात्र एवढी रुंद की पलीकडच्या काठाला दुसरं राज्य लागतं. मधला पूल साडेसहा किलोमीटरचा. मुखाशी वाळूचे दांडे आहेत, त्यांवर समुद्राच्या लाटा फुटतात. आजवर दोन हजारांच्या आसपास लहानमोठी जहाजं तिथं फुटली किंवा बुडाली. आजही बाहेरच्या मोठ्या जहाजाला आत यायचं तर इथला वाटाड्या वर चढवून घ्यावा लागतो, मग कप्तान कितीही मुरलेला असो.

आणि पाऊस! लुईस आणि क्लार्क हे दोघं शोधप्रवासी अमेरिका आडवी ओलांडून आले आणि 1805 च्या हिवाळ्यात या गावाजवळ लाकडी गढी बांधून 106 दिवस राहिले. त्यात कोरडे दिवस किती? बारा! आपण शिरूर तालुक्यातली माणसं. आपल्याकडं बारा दिवस मोजायचे ते पावसाचे.

गावाला नाव मिळालं ते न्यूयॉर्कच्या जॉन जेकब अ‍ॅस्टर या कातड्यांच्या व्यापाऱ्यावरून. 1811 मध्ये त्याच्या माणसांनी इथं वखार घातली. दोनच वर्षांत इंग्रज-अमेरिका लढाईच्या धास्तीनं त्याच्या भागीदारांनी ती इंग्रजांच्या कंपनीला विकूनही टाकली. अ‍ॅस्टर स्वतः इथं एकदाही फिरकला नाही. नाव मात्र दोनशे वर्षं टिकलंय, नशीब बघ.

टेकडीवर 1926 सालचा 125 फुटी मनोरा आहे. बाहेरून खालपासून वरपर्यंत वेटोळी चित्रं, गोऱ्यांचं येणं, जहाजं, वखारी. आतून 164 पायऱ्या. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, पण चढलो. वरून हलक्या लाकडाची खेळण्यातली विमानं सोडायची इथली जुनी रीत. नातवाचं पहिलं विमान सरळ खाली गेलं. दुसरं वाऱ्यावर दोनदा वळलं, झाडांच्या शेंड्यांवरून नदीकडं निघालं, आणि आम्ही सगळे, मी धरून, लहान पोरासारखे ओरडलो.

खाली आलो, तर नातवाला ‘सी लायन’, म्हणजे सीलचे भाऊबंद, बघायचे होते. त्या ‘सी लायन’ मंडळींचं भुंकणं गावभर ऐकू येतं. नदीकाठानं फिरत पुलाखालच्या छोट्या बागेत आलो. तिथं एक पाटी दिसली. मी सहज वाचायला लागलो आणि ‘गदर’ या शब्दावर थांबलोच.

दत्तू, इंग्रजांचं राज्य उलथवायला अमेरिकेतल्या भारतीयांनी काढलेल्या गदर पक्षाची स्थापना या गावात झाली! मी आजवर सॅन फ्रान्सिस्कोच समजत होतो. ‘गदर’ वर्तमानपत्र तिथून निघालं हे खरंच, 1 नोव्हेंबर 1913 पासून. पण त्याआधी, त्याच वर्षी, ओरेगॉनमधले हिंदी गिरणीमजूर जमले ते अ‍ॅस्टोरियात. क्रांतिकारक लाला हरदयाळ आले होते. अध्यक्ष झाले सोहनसिंग भकना, तेही लाकडाच्या गिरणीतलेच.

रात्री घरी आल्यावर जावयाच्या कॉम्प्युटरवर बसलो तो एक वाजेपर्यंत. गावाच्या पूर्व टोकाला हॅमंड कंपनीची मोठी लाकूडगिरणी होती. तिथं शंभरेक हिंदी मजूर, बहुतेक पंजाबातले शीख. गोऱ्यांच्या लेखी सगळे ‘हिंदू’च, म्हणून त्यांच्या वस्तीचं नाव ‘हिंदू अ‍ॅली’. गावात त्यांच्या कुस्त्या व्हायच्या आणि गोरे लोक बघायला जायचे. ही गोष्ट साधी नाही. 1907 मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला जमावानं हिंदी मजुरांना मारून गावाबाहेर हाकललं होतं. 1910 मध्ये पोर्टलँडशेजारच्या सेंट जॉन्सलाही तेच. अ‍ॅस्टोरियात त्यांना त्या मानानं सुखानं राहता आलं. सभेला हॉल मिळाला तोसुद्धा फिनलंडहून आलेल्या समाजवादी कामगारांचा. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होतं. परक्या राज्याखाली राहणं म्हणजे काय, हे त्या लोकांना वेगळं समजवावं लागलं नसणार, असं मला वाटतं.

आपल्याकडचे पांडुरंग खानखोजेही, वर्ध्याचे, त्या काळात ओरेगॉनात शेतकी शिकले. गदरच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतात. पुढं ते मेक्सिकोत जाऊन मक्याचे शास्त्रज्ञ झाले. त्यांच्यावर एक वेगळं पत्र लिहावं लागेल.

1922 साली मात्र अ‍ॅस्टोरियाला आगीनं दोनदा गाठलं. सप्टेंबरात गिरणी जळाली, ती पुन्हा उभी राहिली नाही. डिसेंबरात गावाचा बाजारभागच गेला. रस्ते लाकडी खांबांवर फळ्या टाकून केलेले, त्यामुळं आग रस्त्याखालून पळत राहिली आणि वरून पाणी मारणाऱ्यांना ती सापडेना. शेवटी सुरुंगानं इमारती उडवून तिची वाट तोडायला बघितलं. गाव पुन्हा बांधलं, पण गिरणीच नाही म्हटल्यावर हिंदी मजूर पांगले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. हे थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच फौजेत होते, आणि त्याआधी ओरेगॉनच्या लाकूडगिरण्यांत मजूर.

मनोऱ्यावरच्या चित्रांत यातलं काही नाही. पुलाखालची पाटी तरी झाली, तीसुद्धा शंभर वर्षांनी.

आता तुझं काम. आपल्या शाळेत 15 ऑगस्टला हेडसर दरवर्षी एक नाव घ्यायचे आणि आपण मागच्या रांगेत चिंचा खात असायचो. विष्णू गणेश पिंगळे. आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे. इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत आले, गदरात गेले, 1914 मध्ये गदरच्याच कर्तारसिंग सराभांबरोबर परत फिरले. मार्च 1915 मध्ये मेरठला रिसाल्याच्या छावणीत बॉम्बसकट पकडले गेले आणि 16 नोव्हेंबरला लाहोरात फासावर चढले. वय सत्तावीस. म्हणजे त्या पाटीवरच्या पक्षासाठी मेलेला माणूस आपल्या गावचा, आणि मला ते कळायला एवढा समुद्र ओलांडावा लागला. लाज वाटली रे.

तर तू एवढं कर. गावात जाशील तेव्हा जुन्या मंडळींना विचार, पिंगळ्यांचं घर नेमकं कुठल्या आळीत होतं. जागा सापडली तर फोटो काढ, पडकी भिंत असली तरी चालेल. पाटीचा फोटो मी सोबत पाठवतोय. कोपऱ्यात नातवाचं बोट आलंय, तेवढं चालवून घे.

वहिनींना नमस्कार. साखर सांभाळ.

तुझा,
अरुण