शऱ्या, आधी लीडरचं ठरव

देवबाग,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय शऱ्या,

तुझी गरवायच्या सामानाची यादी गणपतीत आली, आज कोजागिरी उलटली. उत्तर नाही म्हणून परवा फोनवर तू जे काय बोललास ते आईनेही ऐकलं, कारण फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "शरदचो आवाज अजून तसोच आसा." तेव्हा आता शांत हो आणि वाच.

प्रकृती सगळ्यांची ठीक. माझी साखर आटोक्यात, बापूंचा गुडघा तसाच. पुढे.

पाकिटात लीडरचे, म्हणजे दोरीच्या टोकाला गळाआधी बांधतात त्या धाग्याचे, तीन तुकडे कागदावर चिकटवून पाठवतोय. वहिनींना वाटेल मला वेड लागलं. तुला बघताक्षणी कळेल. दिगूने गेल्या आठवड्यात नेरूरपार पुलाखालून आणले, तिन्ही 20 पाउंडी फ्लोरोकार्बनचे. पहिल्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलंय: गाठ सरकली, माशाचा काही दोष नाही. दुसऱ्यावर टोकापासून वीतभर वरपर्यंत पांढुरके ओरखडे आहेत, नख फिरवलंस तर खरखर लागेल: खांबावरची कालवं. तिसरा बघ. तिरका, स्वच्छ, वर एक ओरखडा नाही. तो तांबोशीने कापलाय, सुळ्याने. जिताडा असा कापत नाही. त्याच्या तोंडात सुळे नसतात, खरखरीत पट्टा असतो, म्हणून लीडर शेवटच्या दोन बोटांत झिजून भुरकट होतो. आणि मासा उलटला की कल्ल्याच्या झाकणाची धार उरलेलं काम करते.

तर चिंता ही आहे. तुझ्या यादीत ल्युअर (खोटी आमिषं) चौदा, रंग चौदा, आणि लीडरसमोर नुसतं "लीडर" लिहिलंयस. कुठला? मी दोन आठवडे ह्याच एका प्रश्नावर अडकलोय, म्हणून उत्तर लांबलं.

सरळ हिशोब असा वाटतो की तिसरा तुकडा बघून 40 पाउंडी बांधावा आणि मोकळं व्हावं. पण मुख्य दोरी, म्हणजे विणलेली ब्रेडेड, तू पीई 1 ची (पीई हा जाडीचा नंबर) लिहिलीयस, म्हणजे 0.165 मिमी, ताकद 16 ते 20 पाउंड. तिला 40 चा लीडर लावलास तर तुटायची वेळ येईल तेव्हा तुटणार वरची गाठ. मासा एक वाव (पसरलेल्या दोन हातांएवढा) लीडर आणि ल्युअर घेऊन कांदळाच्या मुळांत जाणार, लीडर मुळाला गुंडाळणार आणि मासा तिथेच अडकून मरणार. लीडर दोरीपेक्षा थोडा कच्चा असेल तर ल्युअरच्या तोंडाशी तुटतं आणि मासा निदान मोकळा फिरतो. म्हणून आधी दोरी जाड करावी म्हटलं, पीई 1.5. ती 30 पाउंडापर्यंत जाते. पण जाड दोरीला ओहोटीची ओढ जास्त लागते, पाण्यात तिचा झोल पडतो, आणि 5 ग्रॅमचा जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) तळाला टेकलाय की नाही हे हाताला कळेनासं होतं. मग जिग 7 चा, 10 चा. मग ती तुझी नाजूक काठी निम्म्यात वाकते. एक धागा ओढला की सगळं मागोमाग येतं, आणि तू मला विचारतोस, हिरवा घेऊ की गुलाबी!

(तंगूसवाला, म्हणजे साध्या नायलॉन दोरीचा, वाद पुन्हा काढू नकोस. बापूंनी हातदोरीला 0.35 ची तंगूस लावून जन्मभर गरवलं, मान्य. तंगूस ताणते, त्यामुळे जवळच्या माशाच्या तोंडातून गळ उसवत नाही, हेही मान्य. पण तीस मीटरवर टाकलेल्या जिगची तळावरची टक्क तंगुशीतून येत नाही, आणि नुसती ताणत बसणाऱ्या दोरीने गळही नीट रुतत नाही. स्पूलवर ब्रेडेडच्या खाली दहा-पंधरा वळसे तंगूस घाल, नाहीतर ब्रेडेड स्पूलवरच फिरत राहते. बापूंचा मान तेवढ्याने राहील.)

शेवटी तोडगा निघाला तो असा. रीळ एकच घे, 2500 किंवा 3000 नंबरचं, पण जादा स्पूल मिळणारं. एका स्पूलवर पीई 1 आणि 20 चा लीडर: संगमाजवळचा वाळूचा पट्टा, पालू, मुडदुशे, लहान रावस. दुसऱ्यावर पीई 1.5 आणि 30 चा: मुळं, वहाळांची तोंडं, छोटी-मध्यम तांबोशी. 40 फक्त नेरूरपारच्या खांबांशी, तोही अर्धा वाव, आणि तिथे मी सांगेन तेव्हाच. तीन जाड्या लक्षात ठेव, दुकानदार हातात काहीही देतात: 20 म्हणजे सुमारे 0.40 मिमी, 30 म्हणजे 0.48 च्या आसपास, 40 म्हणजे 0.57. लीडर जाड झाला की लहान ल्युअरचं नाक आवळून बसतं आणि ते पोहत नाही, म्हणून ल्युअरला घट्ट गाठ नको, न सरकणारा फासा ठेव, करंगळीचं नख जाईल एवढा. वरच्या जोडाला एफजी गाठ, 18 ते 20 वेढे, थुंकी लावून ओढ. ओढताना ब्रेडेडचा रंग गडद होऊन ती लीडरमध्ये रुतलेली दिसली पाहिजे. रुतली नसेल तर ती गाठ नाही, नुसतं गुंडाळलेलं आहे. पहिला तुकडा त्याचाच सख्खा भाऊ.

ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, ताणकाट्यावर लाव, बोटाने "बरं वाटतंय" म्हणून नको. पीई 1 ला दोन किलो, पीई 1.5 ला तीन. मुळांशी तांबोशी पहिल्या दोन सेकंदांत जिंकते किंवा हरते, तिथे दोरी सोडत बसायला जागाच नसते. जिताडा उघड्या पाण्यात उडी मारतो, तेव्हा काठीचं टोक पाण्याकडे खाली आण. हे तुला माहीत आहे. तरी तू वरच धरतोस.

आता ल्युअर. चौदातले नऊ काढ.

जिग हेड हीच खरी खरेदी, ती रंगाची नाही, वजनाची. 3.5 ग्रॅम उथळ आणि संथ पाण्याला, 5 आणि 7 रोजच्या कामाला, 10 मधल्या खोल धारेला, आणि 14 चे दोनच, उधाणासाठी. गळ जाड तारेचा, 3/0, त्यावर तीन इंची फडफड्या शेपटीचं रबर, आणि एक पाकीट कोळंबीच्या आकाराचं. टाकलास की मोज. तळाला टेकायला चार-पाच सेकंद लागले आणि दोरी एकदम सैल पडलेली दिसली, तर वजन बरोबर. दोरी वाहतच राहिली, सैल पडलीच नाही, तर एक पायरी वर जा. दर फेरीला चिखल किंवा काडी घेऊन आला तर एक पायरी खाली. दोनदा उचल, पडू दे, थांब. मासा बहुतेक पडतानाच घेतो, म्हणून पडताना दोरीवर डोळा हवा, पुलावरून जाणाऱ्या एसटीवर नको.

मुळांसाठी 90 मिमीचे तरंगणारे मिनो (माशाच्या आकाराचे ल्युअर) दोन, ओढले की मीटरभर बुडणारे, जास्त नाही. तरंगणारेच. फांदीला ठोकर लागली की ओढायचं थांब, आपोआप वर येतं आणि मोकळं होतं. तू लिहिलेलं "सस्पेंडिंग", म्हणजे थांबवलं की मधल्या पाण्यात स्थिर राहणारं, दिसायला झकास, पण ते बहुतेक गोड्या पाण्यात तोललेलं असतं. आपलं पाणी खारं, जड, त्यात ते हळूहळू वर चढतं. पावसानंतर वर गोडं आणि खाली खारं असलं की वेगळाच तमाशा. हवंच असेल तर पोटाला शिशाची चिकटपट्टी लाव आणि बादलीत खाडीचंच पाणी घेऊन तपास. तिहेरी गळ काढून एकेरी लाव, पुढच्याचं टोक पुढे, मागच्याचं वर. मात्र काढलेला गळ आणि लावलेला गळ दोन्ही सोनाराच्या काट्यावर तोल. अर्ध्या ग्रॅमच्या फरकाने मिनो कुशीवर पोहायला लागतं. एकेरीने मुळांत अडकणं कमी होतं आणि मासा सोडताना माझी बोटं वाचतात. तुझी बोटं तू बघ.

तिवरांशी आणि कांदळाशी एकच ल्युअर वापरू नकोस. कांदळाची मुळं कमानीची, खाली पोकळी असते, तिथे मिनो कडेने समांतर ओढता येतं. तिवराची मुळं चिखलातून सरळ वर आलेली, पेन्सिली रोवल्यासारखी दाट. तिथे पाणी भरल्यावर वरून पॉपर (पाण्यावर फटफटणारं ल्युअर), नाहीतर गळाचं टोक रबरात लपवलेला जिग. पॉपर 65 ते 80 मिमी, एकच, उजाडताना. "धब्ब" आवाज आला की लगेच हिसका देऊ नकोस. हातात वजन आल्यावर दे. पाचवं म्हणजे रबरी व्हाइब (ओढलं की थरथरणारं ल्युअर), 15 ग्रॅमचं, पुलाखालच्या डोहासाठी. ते हरवणारच, त्यामुळे महागातलं नको.

रंग, घे एकदाचे: पांढरा, सोनेरी, काळपट. गढूळ पाण्यात सोनेरी, नितळात पांढरा-चंदेरी, अंधारात काळपट, कारण खालून बघणाऱ्याला आकाशावर काळंच ठळक दिसतं. गुलाबी ईशाला दे.

ईशाची दहावी ना यंदा? शिकवणी लावलीस की स्वतःच गणित शिकवून पोरीला छळतोयस? वहिनींच्या बदलीचं काय झालं, ठाण्यातच राहिलं असेल तर बरं झालं. काकींना नमस्कार, मोतीबिंदूचं पुढच्या पत्रात सविस्तर कळव.

काठी. दहा फुटी अजिबात नाही. ती समुद्राकाठच्या खडकावर ठीक, आपल्या पातीत (होडीत) ती माझ्या डोक्यात बसेल. कांदळाच्या फांद्यांखाली बाजूने आखूड फेक करायची असते, त्याला 6 फूट 6 इंच ते 7 फूट पुरे. ल्युअरचं वजन 5 ते 21 ग्रॅम लिहिलेली, टोक जलद, बूड दणकट. दोन तुकड्यांचीच घे, सात फुटीचे साडेतीन-साडेतीन फूट होतात. तीन इंची पीव्हीसी पाइपात घालून दोन्हीकडे टोपण लाव, कोकणकन्येत बर्थखाली जातो. मागच्या वेळी तू काठीचा गाइड (दोरीची कडी) वाकवून आणलास आणि हमालाला शिव्या दिल्यास. हमाल नव्हता रे, तूच त्यावर बसला होतास.

आणि तारीख बदल. लक्ष्मीपूजनाला म्हणजे अमावास्येला येतोयस, म्हणजे भर उधाण. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट कर: अमावास्येचे पंधरा धरले की भरती साडेअकरा-बाराच्या आसपास, म्हणजे उजाडताना तळ उघडा, मुळं कोरडी, मासे मधल्या धारेत. वर पाणी गढूळ, ओढ अशी की 14 चा जिगही वाहून जाईल, आणि वर दिवाळीची गर्दी, नऊनंतर पाण्यावरचे स्कूटरवाले खाडी घुसळतात. कार्तिक शुद्ध अष्टमी धर. आठाची पाऊणपट सहा. आपल्याकडे पाणी मुंबईच्या थोडं आधी भरतं, पण खाडीत आत शिरायला त्याला वेळ लागतो, त्यामुळे जवळपास तीच वेळ राहते. भांग (उधाणाच्या उलट, छोटी भरती) असल्याने पाणी नितळ, ओढ बेताची, आणि पहाटे भरलेलं पाणी उजाडताना उतरायला लागतं. पहिले दोन तास वहाळाच्या तोंडाशी. मुळांत शिरलेली सुंगटं (कोळंबी) आणि शेवटे माशांची पिल्लं बाहेर पडतात, जिताडा तिथे तोंड वर करून उभा असतो. मोठा लागला तर सोडायचा, हे आधीच सांगतो. बहुतेक जिताडे आधी नर असतात, मोठे झाल्यावर मादी होतात, आणि खाडीच्या मुखाशी अंडी तीच घालणार. फोटो काढ, तळवे पाण्याने भिजवून धर आणि सोड. मध्यम आला तर आई तिरफळं काढून ठेवेल.

रजा अष्टमीची मिळत नसेल तर बॉसला सांग, मालवणात मामा आजारी आहे. मामाला मी तसं सांगून ठेवतो.

सुधारलेली यादी ह्या पत्राच्या पाठीवर लिहिलीय. दुकानात तीच दाखव, आणि "साहेब, हे नवीन आलंय" म्हणून जे काही काउंटरवर ठेवतील त्याला हात लावू नकोस. 30 पाउंडी लीडरची माझ्यासाठीही एक गुंडाळी आण, 50 मीटरची. पैसे इथे आल्यावर. त्या मागच्या रिळाच्या अर्ध्या पैशातून वळते कर म्हणालो असतो, पण तू पुन्हा सुरू होशील.

तुझा,
विन्या