गुंड्याची पानथरी आणि आंबा घाट

परळ, मुंबई
रविवार, रात्र

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, ‘एवढा मोठा दवाखाना, आणि तीन दिवसांत केलं काय त्यांनी? काही नाही. ती सिस्टर तासातासाला येती, गुंड्याचं नख दाबती आणि जाती. आणि वर हे बिल!’ मी तेव्हा नुसती हसले, कारण ओपीडीत उभी होते आणि समोर रांग होती. नीट सांगायचं राहून गेलं. दादाच्या गुंड्याला बाबांच्या दुचाकीचं हँडल पोटात लागलं आणि त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटली, तेव्हापासून बाबा तर फोनवर येतच नाहीत. कधी झोपलेले असतात, कधी देवाला फुलं आणायला गेलेले. आठ दिवस झाले. म्हणून हे पत्र. कागद हातात पडला की बाबा तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, लाइटचं बिलसुद्धा.

आधी नखाचं सांगते. गुंड्याचं वजन 18 किलो. एवढ्या पोराच्या अंगात रक्त किती असतं? किलोमागं 75 ते 80 मिलिलिटर धरतात, म्हणजे सगळं मिळून दीड लिटरही भरत नाही. दादा रक्तदान शिबिरात एक पिशवी देऊन येतो आणि चहा-बिस्कीट खाऊन कामाला लागतो. ती पिशवी 350 मिलिलिटरची. तेवढंच रक्त गुंड्याच्या पोटात सांडलं, तर त्याचा चौथा हिस्सा गेला. आणि पोरांचं शरीर असं फसवं असतं की चौथा हिस्सा जाईपर्यंत, कधी त्याहून जास्त गेलं तरी, ब्लडप्रेशर जागचं हलत नाही. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, काळीज जोरात पळतं आणि सगळं ठीक असल्यासारखं दिसतं. मशीनवर प्रेशर पडलेलं दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून ती सिस्टर आधी नाडी मोजत होती, तळहात गार पडलाय का बघत होती आणि नख दाबून सोडत होती. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झालं पाहिजे. आई, तुला ते काहीच नव्हतं. मला विचारशील तर त्या तीन दिवसांतलं सगळ्यात महागाचं काम तेच होतं.

आता पानथरी. डाव्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसाला तिथं मार लागला तर बहुधा आधी बरगडी मोडते. पोरांच्या बरगड्या लवचीक, त्या वाकतात, मोडत नाहीत, आणि मार थेट आत पोचतो. गाडीच्या हँडलचं टोक पोटात बसलं की बाहेर नुसता एक गोल वळ दिसतो. वहिनीनं तो फोटो पाठवला तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कुणी म्हणालं असेल, ‘खरचटलंय फक्त.’ आम्हाला मात्र त्या गोल वळाची रक्ताळलेल्या गुडघ्यापेक्षा जास्त भीती वाटते.

पानथरी फाटलीय कळल्यावर आईचा पहिला प्रश्न, ‘मग ऑपरेशन कधी?’ एकेकाळी प्रश्न तोच होता आणि उत्तरही एकच: लगेच, आणि पानथरी काढूनच टाकायची. ती नसली तरी माणसाचं काही अडत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. मग 1952 मध्ये अमेरिकेतल्या दोन सर्जननी पाच तान्ह्या बाळांची हकिगत छापली. रक्ताच्या आजारासाठी त्यांची पानथरी काढली होती आणि पुढं त्यांच्यात भयंकर जंतुसंसर्ग दिसू लागले. म्हणजे पानथरी बिनकामाची नव्हती. ती रक्तातले जंतू गाळून काढते, न्यूमोकॉकससारखे तर खासच.

पुढचा भाग मला फार आवडतो. टोरांटोच्या मुलांच्या हॉस्पिटलात काही सर्जन पानथरी फाटलेल्या पोरांना ऑपरेशन न करता नुसते जवळून बघत होते, आणि पोरं बरी होत होती. हा अनुभव 1968 मध्ये छापून आला तो उपाध्याय आणि सिम्पसन या दोघांच्या नावानं. त्यातले पुरुषोत्तम उपाध्याय आपले, भारतातले. पुढं दिल्लीच्या एम्समध्ये मुलांच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. माकडांच्या फाटलेल्या पानथरीवरही त्यांनी काम केलं आणि ती आपली आपण सांधते, हे दाखवलं. तरी मोठ्यांचे सर्जन बरीच वर्षं हसत होते. पोट रक्तानं भरतंय आणि तुम्ही हातावर हात ठेवून बसणार? आज नाडी आणि प्रेशर जागेवर असलेल्या पोरांमध्ये शंभरातली नव्वदच्या वर पोरं ऑपरेशनशिवाय बरी होतात, आणि मोठ्या माणसांसाठीही तोच मार्ग धरतात. ही शहाणीव पोरांकडून मोठ्यांकडं गेली. आमच्या शाखेत असं क्वचित होतं, म्हणून मी हे जरा छाती काढून सांगतेय.

‘डोक्याचा फोटो का काढला नाही’ यावर मी आईला उत्तर दिलं नाही, कारण मलाच लाज वाटत होती. त्या रात्री तिथल्या सरांना फोन करून मीही तेच म्हणाले होते, ‘सर, पोटाचा करताच आहात तर डोक्याचाही सीटी करून टाका ना.’ सर चिडले नाहीत. एकेक विचारत गेले. बेशुद्ध झाला होता का? उलटी? डोकं फार दुखतंय म्हणतो का? नेहमीसारखा बोलतोय का? कवटीच्या तळाला मोडल्याची काही खूण? वेग किती होता? सगळ्यांची उत्तरं चांगली होती. मग म्हणाले, ‘डॉक्टर, हे तुम्हाला मी शिकवायचं?’ हे प्रश्न 2009 मध्ये 42,412 मुलांच्या अभ्यासातून आलेत. सगळी उत्तरं चांगली असतील तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी. मुलांच्या पेशी वाढत्या असतात, सीटीचे किरण त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त बाधतात, म्हणून कारण नसताना काढायचा नाही. हे मी परीक्षेत लिहिलंय, ज्युनिअरना शिकवलंय. पण घरचं पोर म्हटल्यावर मी डॉक्टर राहिले नाही, आत्या झाले.

बाबा, आता तुमच्याशी.

तुम्हाला आठवतं का, मी सातवीत असताना तुमच्या बसमधून रत्नागिरीला गेले होते? मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. परत येताना आंबा घाटात गाडी तापली. तुम्ही कडेला घेतली, टायरला दगड लावला, बॉनेट उघडलं आणि नुसते उभे राहिलात. माणसं ओरडायला लागली, ‘पाणी घाला की, ड्रायव्हरसाहेब!’ एकजण तर झाकण काढायलाच निघाला होता. तुम्ही त्याचा हात धरलात आणि म्हणालात, ‘आत्ता उघडलं तर तोंड भाजंल तुझं. गाडीला काय पायजे ते गाडी सांगती. थांब जरा.’ अर्धा तास तुम्ही हलला नाहीत, पण तुमचा कान इंजिनावर होता आणि हात मधूनमधून लांबूनच वाफेचा अंदाज घेत होता. लोकांना वाटलं, ड्रायव्हर काहीच करत नाही. ती सिस्टर तेच करत होती.

तुम्ही बोलत नाही त्याचं कारण मला माहीत आहे. विनाअपघात सेवेचा बिल्ला तुम्ही शोकेसमधून काढून कपाटात ठेवलात, हे दादानं सांगितलं. एवढी वर्षं घाट चढलात-उतरलात, कुणाला ओरखडा नाही, आणि घरापासून पाच मिनिटांवर, रंकाळ्याच्या रस्त्याला, कुत्रं आडवं आलं आणि आपलाच नातू पुढं उभा होता. तुमची काही चूक नाही असं मी म्हणणार नाही, ते तुम्हालाही खोटं वाटेल. पोराला पुढं उभं करायचं नव्हतं. पण मलाही तुम्ही तसंच नेलंय, आरशाला धरून. दादालाही नेलंय, आणि दादा गुंड्याला रोज तसाच शाळेत नेत होता. मग एकट्यानं का बसायचं कपाटाकडं बघत?

आणि त्या दिवशी तुम्ही काय केलंत तेही ऐका. घड्याळ बघितलंत. तो ‘पाणी’ म्हणत असताना त्याला पाणी दिलं नाहीत. आधी घरी नेऊन हळद लावत बसला नाहीत, रिक्षा करून थेट दवाखाना गाठलात. 25 मिनिटांत. माझ्या प्रबंधासाठी मी सध्या हेच लिहून घेतेय, मार कधी लागला आणि पोर आमच्यापर्यंत कधी पोचलं. वेळ विचारली की बहुतेकांना सांगता येत नाही, आणि मधे दोन-तीन दवाखाने झालेले असतात. आपल्याकडं गळीत हंगामात रात्री ट्रॉलीवरून पडलेलं ऊसतोड्यांचं पोर तर सकाळी मुकादमाला वेळ झाला की निघतं. तुम्ही मला फोनवर पहिलं वाक्य सांगितलंत ते ‘सहा वाजून दहा मिनिटांनी’. जुन्या लॉगशीटची सवय. ती उपयोगी पडली, बाबा.

आता पुढचं. फाटणं ग्रेड तीनचं आहे आणि हिशोब सोपा: ग्रेड अधिक दोन, तेवढे आठवडे. म्हणजे पाच आठवडे उड्या नाहीत, सायकल नाही, कुस्ती नाही. दादानं त्याला तालमीत न्यायचं नाव काढलं तर आईनं बघून घ्यावं. शाळा चालेल, जेवण नेहमीचं, पांढरा रस्साही चालेल. पोट वाढत्या प्रमाणात दुखायला लागलं, सारखी उलटी झाली, ताप आला, चक्कर आली किंवा चेहरा पांढरा पडला तर मला फोन करत बसू नका, थेट दवाखाना. त्या हँडलच्या माराचं स्वादुपिंड नि आतड्यांवरचं दुखणं कधी कधी उशिरा वर येतं, म्हणून सांगतेय. घाबरवत नाहीये.

मी दिवाळीच्या आधी येते. परवा मेसमध्ये सवयीनं ‘मी येतो’ म्हणाले आणि सगळ्या हसल्या, तर त्यांना कोल्हापूर समजावून सांगण्यात जेवण गार झालं.

एक काम आहे, बाबा, तुमच्याकडं. चार वर्षांवरच्या मुलाला गाडीवर हेल्मेट कायद्यानंच लागतं आणि गुंड्या पाच वर्षांचा आहे. इथं दादरला लहान मुलांची मिळतात, पण माप हवं. आईच्या शिलाईच्या डब्यातली टेप घ्या, भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती फिरवा, ढिली नको, आवळून नको. सेंटिमीटरमध्ये सांगा. आईकडून निरोप नको, दादाकडून मेसेज नको. मी रात्री साडेनऊनंतर मोकळी असते.

तुमची,
सुमी