टाकीतील वाफेची गळती शोधून देणाऱ्या उस्तादांस

आदरणीय उस्ताद,
सप्रेम नमस्कार.

गाडीत येणाऱ्या पेट्रोलच्या वासाने आमच्या आईला परभणीहून नांदेडच्या दवाखान्यात जाताना वाटभर मळमळत असे. गाडीखाली थेंबही दिसत नसल्यामुळे कोणी पंप बदलायला सांगितला, कोणी थेट टाकीच. आपण मात्र वास नेमका केव्हा येतो ते आधी विचारले. टाकी भरल्यावर आणि दुपारी उन्हात उभी गाडी उघडताना, असे ऐकताच पेट्रोल नव्हे, त्याची वाफ निसटत असावी, हे आपण ओळखले.

आपल्याकडच्या मे महिन्यात टाकी तापली की वाफ वाढते. ती नळीवाटे कोळसा भरलेल्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठावी आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह नावाच्या झडपेतून इंजिनात ओढली जाऊन जळावी, ही रचना आपण कागदावर रेखाटून समजावलीत. तापलेल्या टाकीत वाफेचाच दाब असतो व चाचणी फसते, म्हणून गाडी सकाळी, गार असताना आणायला लावलीत.

झाकणाचे रबर आणि पर्ज व्हॉल्व्ह ठीक निघाल्यावर आपण गाडी उघड्यावर घेतली, कोणाला बिडीही पेटवू दिली नाही आणि कॅनिस्टरचे हवेचे तोंड बंद करून नायट्रोजनवर चालणाऱ्या यंत्रातून धूर सोडला. कॉम्प्रेसरची हवा मारणे सोपे होते. पण पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळणे धोक्याचे, शिवाय टायरला 30 पीएसआयच्या आसपास हवा लागते तिथे या कामाला अर्धा पीएसआय पुरतो, हे आपण आवर्जून सांगितले. बराच वेळ काहीच दिसेना, तरी आपण दाब वाढवला नाहीत. अखेर टॉर्चच्या उजेडात टाकीकडून कॅनिस्टरकडे वळणाऱ्या नळीवर, क्लॅम्पच्या आड, सुतासारखी धुराची रेघ दिसली.

कॅनिस्टर बदलून मोठे बिल करणे आपल्याला सहज शक्य होते. आपण चिरलेला तुकडाच बदलला, तोही इंधनासाठीच बनवलेल्या नळीने, कारण साधे रबर पेट्रोलने फुगते. आणि पुन्हा धूर सोडून रेघ उरली नाही हे मला दाखवले. हा प्रामाणिकपणा मी मोठा मानतो.

पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर पैसे पूर्ण करण्यासाठी वर पेट्रोल भरू नये, ते कॅनिस्टरमध्ये उतरून कोळसा निकामी करते, हा आपला सल्ला आता घरातले सगळे पाळतात. आईने आपल्याला आशीर्वाद कळवले आहेत.

आपला ऋणी,
एक ग्राहक, परभणी