तुम्ही गुण विचारले नाहीत, काकू

काकू,

तोंडावर आभार मानले की तुम्ही चहा टाकायला उठता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

डिसेंबर २०१९मध्ये तुम्ही आईबरोबर नैरोबीला आलात. मसाई माराला जाऊन सिंह दिसला नाही, त्याची कुरकुर तुम्ही अजून करता. परत आलो त्या संध्याकाळी माझ्याकडे घरकामाला असलेल्या मामा ओट्यापाशी एक कागद घडी घालत होत्या, उलगडत होत्या. (इथे बाईला मुलाच्या नावावरून 'मामा अमुक' म्हणतात. त्यांच्या लेकीने नाव लिहू नको म्हटलंय, म्हणून नुसतं मामा.) किटुईकडच्या गावात आजीजवळ राहणाऱ्या त्यांच्या मुलीला निवासी शाळेत प्रवेश मिळाला होता, आणि त्या कागदावर आणायच्या सामानाची यादी होती. पत्र्याची पेटी कुलपासकट, गादी, ब्लँकेटं, बादली, आपल्या कुदळीसारखं जेंबे. खाली फी : वर्षाला ४०,००० शिलिंगांच्या वर.

केनियात २००३पासून प्राथमिक शाळा फुकट, २००८पासून माध्यमिक शाळेतली शिकवण्याची फीसुद्धा सरकार भरतं. पण राहण्या-जेवणाचा खर्च घरच्यांवर. तो थकला की पोराला घरी धाडतात, 'करो' घेऊन ये म्हणून. करो म्हणजे फी. स्वाहिलीतला हा शब्द इथल्या गरिबाघरची पोरं फार लवकर शिकतात.

मी तुम्हाला समजावत बसले होते की शिष्यवृत्तीचं अवघड आहे. तिला आठवीअखेरच्या के.सी.पी.ई. परीक्षेत ५००पैकी ३१२ गुण. 'विंग्ज टू फ्लाय'सारख्या मोठ्या शिष्यवृत्त्या गरीब पण वरच्या गुणांच्या मुलांना मिळतात, आणि ३१२ला कोण विचारतो! मग मी हिल्डे बाकची गोष्ट सांगितली. स्वीडनमधली बालवाडीची शिक्षिका. १९७०च्या दशकात तिने केनियातल्या एका खेड्यातल्या मुलाची, ख्रिस म्बुरूची, फी भरली. थोडेसेच पैसे, दर सत्राला. तो पुढे हार्वर्डला कायदा शिकला, संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचं काम करू लागला आणि तिच्याच नावाने त्याने गावच्या मुलांसाठी निधी काढला. ही बाई नाझींच्या तावडीतून निसटलेली ज्यू मुलगी होती, तिचे आईवडील छळछावणीत गेले, हे त्याला कितीतरी नंतर कळलं.

मला वाटलं तुमचे डोळे पाणावतील. तुम्ही म्हणालात, "आणि तो हार्वर्डला गेला नसता, तर तिचे पैसे वाया गेले असते का गं?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही मामांना एवढंच विचारायला लावलंत, की पोरीला शिकायचंय ना? गुण विचारलेच नाहीत.

तुमचे वडील साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात शिकले, हे मला आईने नंतर सांगितलं.

तेव्हापासून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतले पैसे तुम्ही आईच्या खात्यात टाकत आलात आणि मी इकडून शाळेच्या खात्यात भरत आले. पण फीची पावती बघून तुमचं समाधान व्हायचं नाही. "पेटी घेतली का? एसटीचं भाडं कोण देतं? पाळीच्या दिवसांत काय करते?" (किटुईला एसटी नाही, मटाटू म्हणजे खासगी मिनीबस असते, हे चार वर्षांत एकदाही तुमच्या डोक्यात शिरलं नाही.) फी भरलेली असूनही पोरी घरी बसतात त्या याच बारीकसारीक गोष्टींपायी. मी दहा वर्षं इथे राहून हे कधी विचारलं नव्हतं, याची लाज वाटली.

मग मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. तिचा वर्ग उघडायला जानेवारी २०२१ उजाडला. मला तर वाटलं, संपलं. त्या महिन्यांत फी नव्हती, तर तुम्ही "पीठ घ्या" म्हणून पैसे पाठवलेत. मामांनी ते मक्याच्या पिठाला आणि आजीच्या औषधाला वापरले. आणि पोरगी शेतमजुरीला न जाता जुनी पुस्तकं काढून बसली. शाळा उघडली तेव्हा तिच्याबरोबरच्या दोघीजणी आल्याच नाहीत.

२०२३च्या के.सी.एस.ई.त, म्हणजे माध्यमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत, तिला सी ग्रेड मिळाला. विद्यापीठाला सी प्लस लागतो, थोडक्यात हुकलं. मी तुम्हाला फोनवर अपराध्यासारखं सांगितलं आणि तुम्ही "बरं, मग पुढे काय?" म्हणालात. पुढे नर्सिंगचा डिप्लोमा. आता ती वॉर्डात ड्यूटी करते आणि पहिल्यांदा सुई टोचताना पेशंटपेक्षा आपलेच हात जास्त थरथरत होते, असं तिने मला हसत सांगितलं.

पत्र्याची पेटी धाकटीकडे गेलीय. झाकणावर पांढऱ्या रंगात थोरलीचं नाव होतं, त्यावर काळा हात मारून तिने स्वतःचं लिहिलंय. खालचं अजून वाचता येतं. तिची फी या खेपेला थोरलीने आणि मी मिळून भरली, तेव्हा तुम्ही घाईघाईने ऑर्डरी वाढवू नका. गुडघे सांभाळा.

मामांनी तुमच्यासाठी विणलेला कियोंडो, म्हणजे इथली विणलेली टोपली, तुम्ही भिंतीवर शोभेला लावाल, असं मला वाटलं होतं. आई म्हणाली, त्यात तुम्ही कांदे ठेवता. मामांना सांगितलं तर त्या केवढ्या खूश झाल्या! म्हणाल्या, मग काय, कांद्यांसाठीच तर विणतात.

तुमची,
नैरोबीवाली