नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

सदाशिव पेठ, पुणे ३०
रविवार, सकाळ

प्रिय शालू,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तुझ्या पुतणसुनेला रात्री दोन वाजता जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं, आणि वाटेत ते नवंकोरं आरोग्य उपकेंद्र लागलं, दाराला कुलूप, हे वाचून हात कापला गं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे पुढच्या पानावर होतं, ते आधी का नाही लिहिलंस?

निवेदनं देऊन झाली, आता रास्ता रोको करायचा असं गावात चाललंय म्हणतेस. शिवाय, ‘विधानसभेत जाऊन ही माणसं करतात तरी काय, टीव्हीवर तर नुसता गोंधळ दिसतो,’ असंही लिहिलंयस. तुझा राग मला कळतो. पण टीव्हीवर जे दिसत नाही, त्यातच माझी तीस वर्षं गेली. म्हणून रस्त्यावर बसण्याआधी माझं ऐक. तुमच्या उपकेंद्राचा लेखी प्रश्न विधिमंडळात लागू दे.

आमच्या कचेरीत त्याला ‘एलएक्यू’ म्हणायचे. सकाळी मंत्रालयातून निरोप यायचा, ‘एलएक्यू आलाय, संध्याकाळपर्यंत माहिती द्या.’ मग त्या दिवशी कुणाची रजा मंजूर होत नसे. एरवी चार-चार महिने न हलणारी फाईल दुपारी तीनला टेबलावर हजर. ज्या अर्जावर आम्ही तीन स्मरणपत्रांना उत्तर दिलं नव्हतं, त्याच विषयाचा प्रश्न आला की साहेब स्वतः गाडी काढून जागा बघायला जायचे. कारण उघड आहे. निवेदन साहेबांच्या नावाने असतं, प्रश्न मंत्र्यांच्या नावाने. उत्तर मंत्र्यांच्या नावावर छापलं जाणार आणि सभागृहाच्या पटलावर राहणार. उद्या ते खोटं निघालं तर मंत्र्यांना दुरुस्ती करावी लागते, हक्कभंगाची सूचना येऊ शकते. त्यामुळे मंत्री सचिवांना विचारतात, सचिव आयुक्तांना, आयुक्त जिल्ह्याला, आणि शेवटी ते आमच्यासारख्या कारकुनाच्या टेबलावर येऊन थांबतं. कित्येकदा ‘काम पूर्ण झाले आहे’ असं उत्तरात लिहिता यावं म्हणून उत्तर जाण्याआधी काम पूर्ण केलेलं मी पाहिलंय. प्रश्न सभागृहात उच्चारलासुद्धा गेला नव्हता.

प्रश्न दोन तऱ्हेचे असतात. ज्याच्यावर तारा असतो तो तारांकित. त्याला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. लोकांना वाटतं तारांकित म्हणजेच खरा प्रश्न. पण हिशेब बघ. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित असतात आणि २३० अतारांकित. त्या वीसांतले तासाभरात जेमतेम चार-पाच पुकारले जातात. बाकीच्यांची उत्तरं लेखीच. गोंधळ होऊन तास वाहून गेला, तरी ही लेखी उत्तरं पटलावर येतातच. तुला टीव्हीवर जो गोंधळ दिसतो ना, त्याच दिवशी त्याच सभागृहातून शेकडो कागद बाहेर पडलेले असतात.

आणि हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. आपण कॉलेजात असताना पीएमटीने कॅम्पात जायचो, वाटेत कौन्सिल हॉल लागायचा. आपल्याला तेव्हा काही माहीत नव्हतं. १९३७ च्या जुलैत, प्रांतिक निवडणुका झाल्यावर, मुंबई विधानसभेचं पहिलं अधिवेशन त्याच इमारतीत भरलं. अध्यक्ष होते ग. वा. मावळणकर, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच्याही आधी, १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळातल्या, सभासदांना सरकारला प्रश्न विचारायची मुभा पहिल्यांदा मिळाली. तीही कशी? आधी लेखी कळवायचं, आणि उत्तर मिळालं की गप्प बसायचं. उपप्रश्न नाही. टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात गेले तेव्हा हीच स्थिती होती. उपप्रश्न १९०९ नंतर आला, आणि सुरुवातीला तो फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच होता. म्हणजे शालू, आज ज्याला आपण दुय्यम समजतो तो लेखी प्रश्न आपल्याकडे सगळ्यांत आधी आला. परक्या सरकारलाही ज्याचं उत्तर कागदावर द्यावं लागलं, तो हा प्रश्न.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी तेव्हा ज्या कचेरीत होते तिथे टँकरचं काम होतं. एका आमदारांचा प्रश्न आला. ‘अमुक गावात मे महिन्यात सलग पंधरा दिवस टँकर आला नाही, हे खरे आहे काय?’ मी खेपांची नोंदवही काढली. टँकर आला नव्हता हे खरंच होतं. २८ मे ते ९ जून, एकही खेप नाही. तेरा दिवस. मी वही साहेबांपुढे ठेवली. त्यांनी बोट ठेवून तारखा मोजल्या आणि म्हणाले, ‘पंधरा नाहीत ना? मे महिन्यातले चारच ना? मग लिहा.’ मी टाईप केलं: ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

एकही शब्द खोटा नव्हता. ते उत्तर वर गेलं, छापलं गेलं. त्या गावातल्या बाया तेरा दिवस विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरत होत्या, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या कागदावर तसं काही घडलंच नव्हतं. ते मी टाईप केलं होतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ती ओळ मला दिसते.

तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट पक्की आहे. प्रश्न असा लिहावा की ‘हे खरे नाही’ म्हणून सुटता येणार नाही. त्या आमदारांनी जर विचारलं असतं, ‘१ मे ते ३० जून या कालावधीत सदर गावात कोणकोणत्या दिनांकास टँकरची खेप झाली नाही?’, तर मला त्या तेरा तारखा एकाखाली एक लिहाव्याच लागल्या असत्या. साहेबांनाही ते थांबवता आलं नसतं. त्यांचा कळकळीचा प्रश्न दोन दिवसांच्या फरकाने आणि एका महिन्याच्या नावाने वाया गेला.

प्रश्न कुणाला विचारला यावरही फार असतं. तुला २०२० चा सप्टेंबर आठवतो? टाळेबंदीनंतरचं संसदेचं पहिलं अधिवेशन. त्यात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त अतारांकित प्रश्न ठेवले होते. लोकसभेत श्रम मंत्रालयाला विचारलं की घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले. लेखी उत्तर आलं की अशी माहिती ठेवलेली नाही. आणि माहितीच नाही म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. वाचून मी सुन्न झाले होते. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे शब्द माझ्या ओळखीचे होते गं. पण त्याच अधिवेशनात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाला मजुरांसाठी सोडलेल्या श्रमिक गाड्यांबद्दल नेमकं विचारलं गेलं, तेव्हा उत्तरात आकडा आला: ९ सप्टेंबरपर्यंत त्या गाड्यांमधून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू. रस्त्यावर दगावलेले त्यात नाहीत. तरी ९७ हा आकडा आता कुणी पुसू शकत नाही, तो सरकारनेच दिलाय. आणि श्रम मंत्रालयाचं ‘माहिती नाही’ हेसुद्धा मी वाया गेलेलं उत्तर मानत नाही. मोजलंच नाही, ही कबुली सरकारच्याच कागदावर आहे.

उडवाउडवीचं उत्तर कधीकधी चांगलंच अंगाशी येतं. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या घरात पैसे घातले, त्यावर लोकसभेत प्रश्न आले. उत्तरांनी कुणाचं समाधान झालं नाही, आणि फिरोज गांधींनी डिसेंबरात तो विषय सभागृहात असा लावून धरला की चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ती उघड्यावर, लोकांसमोर केली. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. फिरोज गांधी काँग्रेसचेच खासदार होते, म्हणजे सत्ताधारी बाकांवरचे. तुमचे आमदार सत्तेतले आहेत म्हणून विचारणार नाहीत, असं आधीच धरून चालू नकोस.

याला काळी बाजूही आहे. प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून २००५ च्या डिसेंबरात अकरा खासदारांना काढून टाकलं, लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचे एक. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. इतक्या मोलाच्या गोष्टीचा बाजार मांडला. पण विकत घ्यावंसं वाटण्याइतकी त्या प्रश्नात ताकद आहे, हेही त्यातून कळतं.

आता तुमचं उपकेंद्र. प्रश्नात राग घालायचा नाही, विशेषणं घालायची नाहीत. लोकसभेच्या नियमांत तर स्पष्टच आहे की दीडशे शब्दांच्या आत, त्यात युक्तिवाद नको, तर्क नको, आरोप नको. ‘झोपलेल्या प्रशासनाने’ असं लिहिलंत तर तो प्रश्न दारातूनच परत येईल. फक्त तारीख, संख्या, रक्कम, पद. मी मसुदा केलाय, रिकाम्या जागा तू भर:

‘(१) सांगली जिल्ह्यातील ___ तालुक्यातील मौजे ___ येथील आरोग्य उपकेंद्राच्या इमारतीचे बांधकाम पूर्ण होऊनही सदर उपकेंद्र रुग्णसेवेसाठी सुरू करण्यात आलेले नाही, हे खरे आहे काय;
(२) सदर बांधकाम कोणत्या दिनांकास पूर्ण झाले व त्यावर किती खर्च झाला;
(३) सदर उपकेंद्रासाठी कोणती पदे मंजूर आहेत, त्यापैकी किती पदे भरलेली आहेत व किती रिक्त आहेत;
(४) सदर उपकेंद्र कोणत्या दिनांकापर्यंत सुरू करण्यात येणार आहे;
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

नीट बघ, दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात मी ‘असल्यास’ हा शब्द मुद्दाम वगळलाय. नेहमीच्या मसुद्यात तो असतो. मग पहिल्याला ‘हे खरे नाही’ म्हटलं की खालचे सगळे भाग ‘उद्भवत नाही’ म्हणून गळून पडतात. माझ्या त्या उत्तरात तेच झालं होतं. असं सुटं विचारलं की तारीख आणि पदं सांगावीच लागतात. माझा अंदाज आहे की इमारत झाली पण आरोग्य सेविकेचं पद मंजूरच झालेलं नाही, किंवा मंजूर आहे आणि भरलेलं नाही. दोन्हीचा इलाज वेगळा आहे, आणि यातलं नेमकं काय हे तुम्हाला आज कुणीच सांगत नाही. तिसऱ्या भागाचं उत्तर ते सांगेल.

चौथ्याचं उत्तर बहुधा ‘कार्यवाही सुरू आहे’ असं येईल. निराश होऊ नकोस. तेही शासनाचं आश्वासन ठरू शकतं, आणि आपल्याकडे आश्वासन समिती असते. सभागृहात दिलेला शब्द पाळला का हे बघणं एवढंच तिचं काम. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे, आणि तिथे आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. तेव्हा उत्तराचा कागद जपून ठेवायचा आणि पुढच्या अधिवेशनात त्याच कागदाचा हवाला देऊन पुन्हा विचारायचं. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जड असतो, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून अनुभवलंय.

सही मात्र सदस्याचीच लागते. तुमच्या आमदारांकडे जाच. त्यांनी टाळलं तर दुसरे कुठलेही आमदार हा प्रश्न विचारू शकतात, मतदारसंघ त्यांचाच असला पाहिजे असं नाही. विधानपरिषदेच्या सदस्यांनाही विचारता येतो. तू इतकी वर्षं शाळेत काढलीस, पुणे शिक्षक मतदारसंघात सांगलीही येतं, तिथल्या आमदारांशी तुमच्या संघटनेतल्या कुणाची ना कुणाची ओळख असेलच. मात्र उशीर नको. अधिवेशनाच्या कितीतरी आधी प्रश्न द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर मोर्चा घेऊन गेलात तर ती वेळ निघून गेलेली असते.

उद्या सकाळी एक काम कर. त्या इमारतीवर कोनशिला असेल, तिच्यावरची तारीख जशीच्या तशी उतरवून घे. शेजारी कामाचा फलक असेल तर त्यावरची रक्कमही. अंदाजाने काही लिहू नकोस, एक दिवसही इकडेतिकडे नको. फोनवर सांगू नकोस, फोटो काढून पाठव, म्हणजे मी डोळ्यांनी वाचून मसुद्यात भरेन.

पुतणसुनेला डिंकाचे लाडू पाठवतेय, कुरियरने येतील. बाळाचं नाव काय ठेवताय ते कळव.

तुझी,
विजू