दुनाकाठचा उन्हाळा आणि आपले हौद

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त गेली नऊ वर्षे मी हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये राहते आणि गणपतीला न चुकता पुण्यात घरी येते. यंदाही नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यातच शेजारच्या काकूंनी ठरलेला प्रश्न विचारला, ''तुमच्याकडे उन्हाळाभर कसा मस्त गारवा असेल, नाही का गं?'' युरोप म्हटले की बर्फ, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की जुलैतल्या दुपारी बुडापेस्टमध्ये पारा 36-37 अंशांवर जातो असे सांगितले, तर मी तक्रार करते आहे की थाप मारते आहे हेच समोरच्याला उमगत नाही. हंगेरीच्या दक्षिण भागातल्या किश्कुनहालाश या गावी 20 जुलै 2007 रोजी 41.9 अंशांची नोंद झाली होती, आणि असा आकडा पुण्यातही क्वचितच पाहायला मिळतो. काकूंना जिन्यात उभ्या उभ्या जे सांगता आले नाही ते आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे; त्या उन्हाळ्याची गोष्ट अखेर आपल्या पेठांतल्या पाण्यापाशी येऊन थांबते, हेही त्याचे एक कारण आहे.

मी ज्या घरात भाड्याने राहते ती इमारत शंभराहून अधिक वर्षांची असून तिच्या मधोमध फरसबंदी चौक आहे. प्रत्येक मजल्यावर चौकाच्या चारी बाजूंनी लोखंडी कठड्याची गॅलरी फिरते आणि घरांची दारे त्या गॅलरीत उघडतात. या गॅलरीला तिथे 'गांग' म्हणतात. पहिल्यांदा आत पाऊल टाकले तेव्हा आपण एखाद्या वाड्यातच आलो असे मला वाटले होते. उणीव होती ती तुळशीवृंदावनाची. उन्हाळ्यात सकाळी आठच्या सुमारास सगळ्या खिडक्यांवरची गुंडाळी झडप खाली ओढली जाते आणि सूर्यास्तानंतरच वर जाते. जूनअखेरीस हा सूर्यास्त रात्री पावणेनऊला होतो, त्यामुळे दिवसभर काळोखात बसलेले घर माणसे झोपायच्या वेळेला उजाडते. दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडणाऱ्या माझ्या आजीला हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

पहिल्या मजल्यावर ज्या वृद्ध बाई राहतात त्यांच्या नावापुढे 'नेनी' लावायचे, पुरुष असेल तर 'बाची' लावायचे, म्हणजे आपल्या सुमनकाकू आणि वसंतकाका यांच्यासारखेच नाते नावाच्या मागून येते. आडनाव मात्र ते लोक आधी सांगतात. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर वाढलेल्या मुलीला त्याचेही नवल वाटू नये. तर या नेनी जूनमध्ये कठड्यावरच्या उन्हात काचेच्या मोठ्या बरण्या मांडून ठेवतात. बरणीत मिठाच्या पाण्यात उभ्या चिरा दिलेल्या कोवळ्या काकड्या, शेपूच्या काड्या, लसूण आणि सर्वांत वर पावाचा एक तुकडा असतो. चार-पाच दिवसांच्या उन्हात ते पाणी गढूळ व आंबट होते आणि काकड्या खायला तयार होतात. ते पाणीही थंड करून आवडीने पितात. आमच्याकडे लिंबाच्या लोणच्याची बरणी अशीच गच्चीत ठेवतात, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की बरणीवर पाव कुठे ठेवता.

आता पाण्याकडे येते. ज्या नदीला आपण डॅन्यूब म्हणतो तिला हंगेरियन माणूस दुना म्हणतो आणि बुडापेस्टचे पिण्याचे पाणी मुख्यत्वे या दुनेच्या काठच्या विहिरींतून येते. शहराच्या उत्तरेला सेंतेंद्रे नावाचे लांबट बेट आहे. त्याच्या काठच्या वाळू-खडीच्या थरांतून नदीचे पाणी झिरपत विहिरींत उतरते आणि झिरपता झिरपताच बरेचसे गाळले जाते. हे पाणी घरोघरच्या नळाला येते आणि लोक ते तसेच पितात. मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. चौकात, बागेत, मुलांच्या खेळाच्या मैदानात, नदीकाठच्या पायवाटेवर पिण्याच्या पाण्याचे साधे नळ असतात. देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी उष्णतेचा इशारा दिला की त्यांत आणखी भर पडते. या इशाऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि दिवसाचे सरासरी तापमान सलग तीन दिवस 27 अंशांच्या वर राहणार असेल तर तिसरी, सर्वांत वरची पायरी लागू होते. आग विझवण्यासाठी रस्त्याकडेला जे नळखांब असतात त्यांना तात्पुरत्या तोट्या बसवल्या जातात आणि काही ठिकाणी पाण्याचे बारीक तुषार सोडणाऱ्या कमानी उभ्या राहतात, ज्यांच्याखालून मुले तर जातातच, पण बॅग छातीशी धरून कार्यालयात निघालेली मोठी माणसेही इकडेतिकडे पाहत हळूच जातात. मी उन्हाळाभर एकच बाटली वापरते आणि ती रस्त्यावरच भरते. पाणी विकत घेतल्याचे मला आठवत नाही.

उन्हाळ्यात तिथला निम्मा देश बालाटोन सरोवराकडे धावतो. समुद्र नसलेल्या या देशाने या सरोवरालाच आपला समुद्र मानले आहे आणि ते आहेही तसे : लांबी सुमारे 77 किलोमीटर, क्षेत्रफळ सहाशे चौरस किलोमीटरच्या जवळपास, परंतु सरासरी खोली जेमतेम तीन मीटरच्या वर. दक्षिण काठाला तर शेकडो पावले आत चालत गेले तरी पाणी कमरेच्या वर येत नाही, त्यामुळे पोहता न येणाऱ्या माझ्यासारखीलाही तिथे मान मिळतो. 2023 च्या मे महिन्यात सरकारने संपूर्ण देशातल्या रेल्वे व परगावच्या बसगाड्यांसाठी 18,900 फोरिंटांचा, म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या आसपासचा, एक महिन्याचा पास सुरू केला. तेव्हापासून शनिवारी सकाळी वाटले म्हणून सरोवरावर जाऊन रात्री परत येणाऱ्यांत माझीही गणना होते. काठावर सगळीकडे लांगोश मिळतो. हा भटुऱ्याचा सख्खा भाऊ शोभावा असा तळलेला पदार्थ असून त्यावर लसणाचे पाणी, आंबट साय आणि किसलेले चीज घालतात. तो गरम खावा. गार झाला की त्याचे कातडे होते.

याच सरोवराने मला एक धडाही दिला. काठाकाठाने खांबांवर वादळाची सूचना देणारे दिवे आहेत. दिवा मिनिटाला 45 वेळा लुकलुकला तर सावध राहायचे, 90 वेळा लुकलुकला तर पाण्यातून बाहेर यायचे. पहिल्या उन्हाळ्यात मला हे ठाऊक नव्हते. आकाश निळेशार होते, मी कमरेइतक्या पाण्यात निवांत उभी होते आणि दिवा भराभर लुकलुकू लागला तरी मला ती कसली तरी रोषणाईच वाटली. अखेर काठावरून एक अनोळखी नेनी दोन्ही हात हलवत ओरडल्या. मी बाहेर येऊन अंग पुसते न पुसते तोच वाऱ्याने छत्र्या उडाल्या. हवामान खात्याच्या अंदाजाची चेष्टा करण्याची माझी पुणेरी सवय त्या दिवशी सुटली. (हंगेरीच्या सरकारची सुटली नसावी. 2022 मध्ये 20 ऑगस्टच्या राष्ट्रीय सणाची आतषबाजी वादळाच्या अंदाजामुळे पुढे ढकलली, वादळ राजधानीला बगल देऊन गेले आणि दोनच दिवसांत हवामान सेवेच्या प्रमुखांना व उपप्रमुखांना पदावरून दूर करण्यात आले. मला तो अन्याय वाटला.)

उत्तर काठावरचे बालाटोनफ्युरेद हे गाव भारतीय माणसाने चुकवू नये. रवींद्रनाथ ठाकूर 1926 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या हृदयरोगाच्या रुग्णालयात उपचारांसाठी राहिले होते आणि निघण्यापूर्वी त्यांनी सरोवराकाठी लिंडेनचे एक रोप लावले. काठाच्या त्या झाडीतल्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे आणि पुढे तिथे येऊन गेलेल्या भारतीय नेत्यांनीही आसपास झाडे लावली आहेत. जुलैच्या भर दुपारी त्या सावलीत बाकावर बसून मी घरून नेलेली पोळी-भाजी खाल्ली आहे. बाकाजवळ पाण्याचा नळ होता, हे या पत्रात सांगायलाच हवे.

तिथे सगळे आलबेल आहे असे मला म्हणायचे नाही. उकाड्यात गाड्यांना उशीर होतो. सरोवराचा काठ नव्या इमारतींनी अडवला जातो आहे अशी तक्रार तिथले लोक सतत करतात. आणि दुनेला पूर आला की पाण्यालगतचा खालचा रस्ता आपल्या नदीपात्रातल्या रस्त्यासारखाच बंद करावा लागतो. भिडे पूल पाण्याखाली गेला का, या प्रश्नाने पूर मोजणाऱ्या पुणेकराला ते दृश्य घरचेच वाटेल. फरक उन्हाळ्यात दिसतो. तोच खालचा रस्ता उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी मोटारींना बंद करून चालणाऱ्यांना मोकळा दिला जातो आणि रात्री दहा वाजताही तिथे आजी-आजोबा बसलेले असतात. बाहेर बसायला जागा, डोक्यावर सावली आणि हाताशी पाणी मिळाले तर तापलेल्या शहरातली माणसे घरात कोंडून घेत नाहीत, एवढाच माझा नऊ उन्हाळ्यांचा अनुभव आहे.

आणि हे आपल्याला कोणी परदेशातून शिकवावे अशी परिस्थिती नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी बंदिस्त नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणले. हवा सुटावी म्हणून त्या नळावर ठेवलेल्या जागांना 'उच्छ्वास' असे सुंदर नाव होते. हौद सार्वजनिक होते. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान द्यावा, चैत्र लागला की नाक्यावर पाणपोई घालावी, रांजणाला ओले फडके गुंडाळावे, हे आमच्या लहानपणापर्यंत चालत आले होते. आज फडके हौद आणि बदामी हौद ही नावे रिक्षावाल्याला सांगितली की पत्ता पुरतो, पण तहानलेल्याला तिथे काही मिळत नाही. मागच्या मे महिन्यात काही कामासाठी आले असताना एका गजबजलेल्या बसथांब्यामागे मला पाण्याची टाकी दिसली. तोट्या चारही कोरड्या होत्या आणि टाकीवर देणगीदाराचे नाव तेवढे ठळक होते. शेजारच्या टपरीतून मी बाटली विकत घेतली.

माझी विनंती मोठी नाही. पुढचा चैत्र यायला अजून सहा महिने आहेत. तेवढ्या वेळात मोठ्या बसथांब्यांवर, उद्यानांच्या फाटकांबाहेर आणि पेठांतल्या जुन्या हौदांच्या चौकांत महापालिकेने पिण्याच्या पाण्याचा एकेक नळ बसवावा आणि त्यावर देणगीदाराच्या नावाऐवजी पाणी शेवटचे कधी तपासले ती तारीख लिहावी. टाकी नको, कारण ती भरावी लागते आणि धुवावी लागते. थेट वाहिनीवरचा नळ हवा. गणेश मंडळांनी मांडवाशेजारी दहा दिवस पाण्याची जी सोय केलेली मी सध्या पाहते आहे, तीच त्यांनी चैत्र-वैशाखात दोन महिने आपापल्या चौकात केली तर मंडळाच्या नावाचा फलक लावायलाही माझी हरकत नाही.

वैशाखात आईसाठी पुन्हा यायचे ठरते आहे. फडके हौद चौकात तेव्हा नळ सुरू असला, तर जिन्यातल्या काकूंना घेऊन आधी तिथेच पाणी प्यायला जाईन.

आपली विश्वासू,
एक वाचक
नारायण पेठ, पुणे (सध्या वास्तव्य बुडापेस्ट)