टॉर्कच्या आकड्याआधी दाराच्या चौकटीवरचे लेबल वाचा

संपादक महोदय,

मोठ्या एसयूव्ही आणि पिकअपची माहिती छापताना 'ट्रेलर ओढायचा तर डिझेलच' हे वाक्य ठरलेले असते. सोबत टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि ओढक्षमता असे दोन आकडे दिले की लेख पूर्ण. वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे. पण ट्रेलर जोडल्यावर गाडी कुठे कमी पडते, हे त्या दोन आकड्यांतून कळत नाही. म्हणून हे पत्र.

आधी डिझेलची बाजू. ६०० न्यूटन-मीटर टॉर्क १,६०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) मिळत असेल, तर त्या क्षणी इंजिन साधारण १०० किलोवॅट शक्ती देत असते. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) नसलेल्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क ३२० न्यूटन-मीटर असेल, तर तीच शक्ती मिळवायला त्याला ३,००० आरपीएमपर्यंत जावे लागते. चढ दोघेही चढतील. फरक इतकाच की डिझेल वरच्या गिअरमध्ये संथपणे चढेल आणि पेट्रोल दोन गिअर खाली येऊन ओरडत राहील. लिटरमागे डिझेलमध्ये उष्णता सुमारे दहा-बारा टक्के जास्त असते आणि कॉम्प्रेशनही जास्त, त्यामुळे भाराखाली इंधन वाचते. उंचीवर टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरमागे साधारण तीन टक्के घटते. टर्बो ही घट बरीचशी भरून काढतो. म्हणजे डिझेलचे कौतुक फुकाचे नाही. १९८९ मध्ये डॉज पिकअपमध्ये आलेल्या ५.९ लिटरच्या कमिन्स इंजिनाची शक्ती होती फक्त १६० अश्वशक्ती, पण टॉर्क सुमारे ५४० न्यूटन-मीटर. एवढ्यावर लोकांनी वर्षानुवर्षे जड ट्रेलर ओढले.

आता अडचण कुठे येते ते पाहू. अमेरिकेत ओढक्षमता ठरवण्यासाठी एसएई जे२८०७ हे मानक वापरतात. त्यातली एक चाचणी अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर होते: पायथ्याशी किमान ३८ अंश तापमान, एसी पूर्ण चालू आणि ठरावीक किमान वेग कायम. चाचणी कडक आहे यात शंका नाही. पण त्यात गाडीत माणसे धरलेली असतात दोन, प्रत्येकी ६८ किलोची. पाच जणांचे कुटुंब आणि मागची भरलेली डिकी या हिशेबात नसते.

समजा, एसयूव्हीचे कमाल मान्य वजन ३,२०० किलो आहे आणि टाकी भरलेल्या रिकाम्या गाडीचे २,५५० किलो. पेलोड, म्हणजे गाडीवर लादता येणारे वजन, उरला ६५० किलो. चालकासह पाच माणसांचे ३७५, सामानाचे १०० आणि हिचचे (ट्रेलर जोडायच्या मागच्या सांध्याचे) २५ किलो वजा केले की हाती राहतात १५०. ट्रेलर ३,००० किलोचा असेल तर त्याचा किमान दहा टक्के भार हिचवर हवा, म्हणजे ३०० किलो. कागदावर ओढक्षमता ३,५०० किलो असली तरी ही गाडी १५० किलोने ओव्हरलोड झाली, आणि त्यात इंजिनाचा काहीच संबंध नाही. शिवाय हिच मागच्या अॅक्सलच्याही मागे असल्याने पुढची चाके हलकी होतात आणि मागच्या अॅक्सलवर ३०० पेक्षा जास्तच वजन येते. यावर तोडगा म्हणून काही जण ट्रेलरमधले सामान मागे सरकवतात. ते फार धोक्याचे. हिचवरचा भार कमी झाला की वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवू लागतो. (दहा ते पंधरा टक्के हे उत्तर अमेरिकेतले प्रमाण. युरोपीय गाड्यांत ते कमी असते, तिथे हिचच्या पट्टीवरचा आकडा प्रमाण मानावा.)

गंमत अशी की डिझेल इंजिन जड असते. त्यामुळे त्याच पिकअपची डिझेल आवृत्ती घेतली की ओढक्षमता वाढली तरी पेलोड बहुधा घटतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरचे लेबल म्हणूनच महत्त्वाचे. माहितीपत्रकातला आकडा सर्वात साध्या आवृत्तीचा असू शकतो. सनरूफ, मोठी चाके, तिसरी रांग हे सगळे पेलोडमधूनच कापले जाते.

दुसरी गोष्ट उताराची. गाडी आणि ट्रेलर मिळून ६,००० किलो, उतार सहा टक्के, वेग ताशी ८० किलोमीटर. गुरुत्वाकर्षण या जोडीला सुमारे ७८ किलोवॅटने खाली ढकलत असते. दहा किलोमीटरच्या उतारात मिळून जी ऊर्जा सुटते ती साधारण एक लिटर डिझेल जाळल्याइतकी. हवा आणि टायर तिचा काही हिस्सा खातात, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन जमते. आणि इथे साधे डिझेल पेट्रोलपेक्षा कमजोर ठरते. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, आत निर्वात तयार होतो आणि इंजिन गाडीला मागे धरते. डिझेलमध्ये हवा अशी अडवली जात नाही, त्यामुळे पाय काढला तरी गाडी वाहत राहते. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक लागतो. आजच्या बऱ्याच मोठ्या पिकअपमध्ये तो टर्बोच्या कोन बदलणाऱ्या पात्यांतूनच मिळतो: पाती मिटली की एक्झॉस्टमध्ये दाब तुंबतो आणि पिस्टनला त्याविरुद्ध काम करावे लागते. मोठ्या एसयूव्हीमधल्या छोट्या डिझेलला तो असेलच असे नाही. खरेदीआधी विचारून घ्यावे. उतार सुरू होण्याआधीच टो-हॉल मोड (भार ओढताना गिअरबॉक्सला खालचा गिअर धरून ठेवायला लावणारी सोय) लावून गिअर खाली घ्यायचा. मग ब्रेक सतत टेकवून न ठेवता जोरात दाबून सोडायचा. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक आणि त्यांचा कंट्रोलर नीट लावलेला असणे तर हवेच.

चढावर उलटी चूक होते. टॉर्क भरपूर आहे म्हणून १,२००-१,३०० आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये ताणत नेले की सिलिंडरमधला दाब आणि एक्झॉस्टचे तापमान दोन्ही वाढतात. एक गिअर खाली, साधारण २,००० च्या आसपास ठेवले की पाणी आणि हवा दोन्ही जास्त वाहतात आणि इंजिन थंड राहते. गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान १२० अंशांपलीकडे जाऊ लागले तर थांबावे. रेडिएटरच्या जाळीत चिखल-किडे अडकले असतील तर यातला कोणताही उपाय पुरत नाही. चढ संपताच इंजिन लगेच बंद करू नये, दोन-तीन मिनिटे आयडलला ठेवावे. नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल जळते.

सर्वात जास्त पश्चात्ताप मात्र ट्रेलर क्वचितच ओढणाऱ्यांच्या वाट्याला येतो. वर्षातून दोनदा बोट न्यायची आणि एरवी चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, अशा वापरात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) कधीच नीट तापत नाही. साठलेली काजळी जाळायला तिथे साधारण ५५०-६०० अंश तापमान लागते. ते आणण्यासाठी जास्तीचे डिझेल सोडले जाते, आणि गाडी मध्येच बंद केली की प्रक्रिया अर्धवट राहते. असे वारंवार झाले की डीपीएफ चोंदतो. ज्या इंजिनांत हे डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात, तिथे त्यातले काही तेलात उतरते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये, तेल पातळ होत आहे.

धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भराव्या लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाचेही तसेच. ते ३२.५ टक्के तीव्रतेचे असते, उणे ११ अंशांना गोठते, उष्ण जागी साठवले तर लवकर खराब होते, आणि भाराखाली जास्त लागते. ते चुकून डिझेलच्या टाकीत पडले, किंवा डिझेलऐवजी पेट्रोल भरले गेले, तर इग्निशनसुद्धा चालू करू नये, कारण तेवढ्यानेही टाकीतला पंप फिरून घाण पुढे ढकलतो. हाय-प्रेशर पंपाला वंगण मिळते ते डिझेलमधूनच. तो झिजला की धातूचा चुरा रेलमधून (इंजेक्टरना इंधन वाटणारी नळी) थेट इंजेक्टरपर्यंत जातो, मग पंप एकटा बदलून भागत नाही. वॉटर सेपरेटरमधले पाणी वेळच्या वेळी काढणे हे त्यामानाने किती स्वस्तातले काम.

हलक्या पिकअपमधली डिझेल इंजिने कमी होत चालली आहेत. फोर्डने एफ-१५० मधले ३ लिटरचे डिझेल २०२१ नंतर बंद केले, रॅम १५०० मधले २०२३ मध्ये थांबले. आठवड्याला अडीच-तीन टन ओढून लांब पल्ला गाठणाऱ्याला डिझेलच घ्या असे आम्ही आजही सांगू. बाकीच्यांनी टर्बो पेट्रोलचा विचार करावा.

आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे अशा गाड्यांची तुलना छापताना टॉर्कशेजारी तीन रकाने वाढवावेत: परीक्षण केलेल्या त्याच गाडीच्या लेबलवरचा पेलोड, हिचवरचा कमाल मान्य भार, आणि एक्झॉस्ट ब्रेक आहे की नाही.

आपले,
वाहन दुरुस्ती क्षेत्रातील काही वाचक